सर्कल आधी जेवला

“रणजित,” सासने गुरुजींनी चिठ्ठी उलगडून वाचलं, आणि माझा थोरला भाचा प्रताप असा ताडकन उठला की त्याच्याखालचा पाटच उलटा झाला.

“परत टाका चिठ्ठ्या! आई रत्नागिरीला जाणार न्हाई!”

“एकदा निघाली ती निघाली,” रत्नागिरीला नोकरीला असलेला धाकटा रणजित भिंतीला टेकल्या टेकल्या म्हणाला. “मघाशी गिरणी तुझ्या नावावर निघाली, तवा मी म्हणालो का परत टाका म्हणून?”

“गिरणीची आणि आईची बरोबरी करतोस, मुडद्या?”

“मी न्हाई, तू केलीस. समद्याच्या चिठ्ठ्या टाकायच्या, आईच्या बी, असं तूच म्हणालास सकाळी.”

गुरुजींनी चिठ्ठ्यांचा तांब्या हळूच स्वतःच्या मांडीआड सरकवला. त्यांनी तालुक्यात साठ-सत्तर वाटण्या केल्या होत्या. भाऊ हातघाईवर आले की पहिल्यांदा तांब्या उडतो, हे त्यांना कपाळावरच्या खुणेसकट माहीत होतं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. गडहिंग्लजला माझ्या थोरल्या बहिणीच्या, अनुसयाआक्काच्या, घरी वाटणी चालली होती. पंच दोघे. एक निवृत्त हेडमास्तर सासने गुरुजी, आणि दुसरा मी, पोरांचा सख्खा मामा, भैरू केसरकर. वाटणीत मामाचा मान मोठा असतो. माझा मात्र बेताचाच होता, कारण मी थापा मारतो हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. मी ‘आज उन्ह फार आहे’ म्हणालो तर माणसं दाराबाहेर हात काढून बघायची.

सकाळपासून त्या दोघा भावांनी जे वाटलं, ते बघून यमानंही हात जोडले असते. पाटा थोरल्याला, वरवंटा धाकट्याला. जात्याची वरची तळी एकाला, खालची दुसऱ्याला. पाणी तापवायचा बंब प्रतापला गेला, तर रणजितनं त्याचा नळ पिळून काढून घेतला. कुणाला कशाचा उपयोग होतो यापेक्षा दुसऱ्याला होऊ नये, एवढंच बघायचं. आणि हे करताना दोघं एकमेकांना ज्या शिव्या देत होते, त्यातल्या निम्म्या स्वतःच्याच आईला लागत होत्या. ती आई चौकटीला टेकून ऐकत बसली होती.

आता आईचीच चिठ्ठी निघाली होती. आई दोघांनाही पाहिजे होती. ती रांधायची, दळण चाळायची, पोरं सांभाळायची. बाप कुणालाच नको होता. म्हणून दाजींची चिठ्ठीच टाकली नव्हती. आई एकाला गेली की बाप आपोआप दुसऱ्याला, असा साधा हिशेब.

आमचे दाजी म्हणजे हिंदुराव गुरबे. पिठाच्या गिरणीचे मालक. जन्म गिरणीच्या धडधडीत गेल्यामुळे आवाज असा की देवळात नमस्कार करताना सुद्धा पुजारी दचकायचा. रागावले की आधी दात खायचे. करकर असा आवाज यायचा, आणि मग शब्द. ते आरामखुर्चीत बसून दात खात होते.

“मला प्रतापच्या गळ्यात बांधताय? आणि ही कुठं निघाली, समुद्र बघायला?”

आक्का चौकटीशी बसली होती तशीच. हात मांडीवर, मान ताठ, पापणीसुद्धा हलत नव्हती. डाव्या हाताची करंगळी तेवढी बाहेर वळलेली. ती पूर्वी कधी गिरणीच्या पट्ट्यात सापडून वाकडी झाली होती. तिला तसं बसलेलं बघून मला वाटलं, दुःखानं थिजली. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. दाजी जेवल्याशिवाय या बाईनं कधी तोंडात घास घातला नाही. दाजी चारला आले तर ती चारला जेवायची. नात्यातल्या नव्या सुनांना मी हे उदाहरण म्हणून सांगत असे. आणि आता एक म्हातारी गडहिंग्लजात राहणार नाही, एक म्हातारा रत्नागिरीत जाणार नाही; मध्ये अख्खा घाट. मी मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, ही जोडी फुटू द्यायची नाही.

पण कसं? मी बोललो तर थाप.

तेवढ्यात प्रतापनंच वाट दाखवली. सोप्याच्या कोपऱ्यात जाळीचा एक पिंजरा होता. त्याला लाथ मारून तो ओरडला, “मग ह्या विलायती घुशी तरी कशाला ठेवता? ह्या बी वाटा! एक तुझी, एक माझी!”

त्या घुशी नव्हत्या, गिनिपिग होते, आणि मीच आक्काला दिले होते. मी बत्तीस वर्षं पुण्याकडच्या एका लशीच्या कारखान्यात नोकरीला होतो. प्राणिगृहात. घोडे, ससे आणि हजारभर गिनिपिग माझ्या हाताखालून गेले. निवृत्त होताना साहेबानं विचारलं, “भैरू, आठवण म्हणून काय पाहिजे?” लोक घड्याळ मागतात. मी ही दोन पिल्लं मागितली, टोचणीला कधी न गेलेली. आक्कानं त्यांना महसूल खात्यातली नावं ठेवली, तलाठी आणि सर्कल. कारण विचारलं तर म्हणाली, “एक दिवसभर खातो, आणि दुसरा नुसता हिंडून बघतो.” आमच्या आक्काची जीभ अशी होती. फक्त दाजी घरात नसताना चालायची.

गुरुजी कंटाळून लिहायला लागले. “तलाठी प्रतापकडे, सर्कल रणजितकडे...”

“गुरुजी, पेन उचला,” मी म्हणालो. “जोडी फोडू नका. मरतील.”

“मामा, सुरू झालं का तुमचं?” रणजित म्हणाला.

“सुरू झालं न्हवं, एकाहत्तर साली संपलं. आमच्याकडं एक जोडी होती. एकाला पुण्यात ठेवला, एकाला रेल्वेनं मुंबईच्या साहेबाकडं धाडला. तिसऱ्या दिवशी मुंबईचा मेला. आणि त्याच वक्ताला पुण्याचा पिंजऱ्यात उताणा! दोन्ही साहेबांनी फोनवर घड्याळं जुळवली. चार मिनिटांचा फरक. तो बी मुंबईचं घड्याळ पुढं होतं म्हणून.”

“थाप!” दोघे भाऊ एका सुरात म्हणाले. दिवसभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

“थाप असंल तर डोळ्यानं बघा. मी ह्या जनावरांची बोली वाचतो. बत्तीस वर्षं पगार त्याचाच खाल्ला.”

मी सर्कलला पिंजऱ्यातून उचलला आणि एका वेताच्या बुट्टीत ठेवून सोप्याच्या मधोमध आणला. दोघांपुढे काकडीची एकेक फोड टाकली. सगळे गोळा झाले. गुरुजी, दोन्ही भाचे, दाजी आणि मी, अशी पाच डोकी बुट्टीवर वाकली.

सर्कल दगडासारखा बसला. डोळे वटारलेले, कान मागे, मिशीचा केससुद्धा हलेना. काकडी नाकाला लागलेली, पण तोंड लावायला तयार नाही. तिकडे पिंजऱ्यात तलाठ्यानं अंगावरचे केस फुलवले, आणि कट कट कट असे दात वाजवायला सुरुवात केली.

“ऐका!” मी आवाज खाली आणला. “हा हंबरडा आहे. माणूस ऊर बडवतो, हे जनावर दात बडवतं. आणि हा बुट्टीतला बघा. सुन्न झालाय. जोडीदाराशिवाय अन्न जात न्हाई त्याला. चार वर्षांत कधी तलाठ्याच्या आधी खाल्लेलं न्हाई त्यानं. विचारा आक्काला.”

गुरुजींनी आक्काकडे पाहिलं. आक्कानं मान हलवली. ते खरंच होतं.

“मुकं जनावर,” गुरुजींनी पेन खाली ठेवलं. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू, मी त्यावर भिस्त ठेवूनच होतो. “अरे, ह्या घुशीला कळतं ते तुम्हा दोघांना कळत न्हाई? आई-बापाची जोडी फोडायला निघालात? चिठ्ठी रद्द. दोघं इथंच, प्रतापकडं राहतील. रणजित, सहा महिन्यांनी येऊन भेट.”

प्रतापचं तोंड उजळलं, कारण आई मिळाली. मग पडलं, कारण बापही मिळाला. रणजित मात्र पांढराफटक झाला. “मामा,” तो एवढंच म्हणाला, “तुम्हाला काय ठाऊक हाय?” मला वाटलं, हरलेला माणूस बोलतो तसं बोलतोय.

दाजींनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी बुट्टीतच पडणार होतो. “शाबास मेव्हण्या! आयुष्यात पहिल्यांदा कामाचं खोटं बोललास!” मग चौकटीकडे वळून, “ऐकलंस न्हवं? कुठं जायाचं न्हाई. ऊठ, पंचांना वाढ.”

आक्का उठली, आणि वाढलं.

जेवणं झाली. पिठलं, भाकरी, खर्डा आणि शेवयांची खीर. मी मिशीला तूप लावून घेतलेल्या बोक्यासारखा बसलो होतो. हात धुवायला परसात गेलो, तेव्हा गिरणीच्या दारातून आक्कानं हाक मारली.

“भैरू, हिकडं ये.”

गिरणी वाटणीपायी बंद होती. आत पिठाचा वास आणि गारवा. धोतरासारखं पांढरं सगळं. आक्कानं सर्कलची बुट्टी तिथं आणून ठेवली होती. तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि मला पोत्यांच्या थप्पीआड उभं केलं.

“बघ,” ती कुजबुजली.

सर्कलनं काकडी खाल्ली. साल सुद्धा ठेवलं नाही. मग लसूणघासाची काडी ओढली, तीही संपवली. मग थोडा वेळ थांबला आणि एकदम जागच्या जागी हातभर उंच उडाला. हवेतच अंग पिळलं, खाली आला, पुन्हा उडाला. तव्यावरची लाही फुटावी तसा.

“हे काय आहे?” आक्कानं विचारलं.

“आनंद,” मी म्हणालो. “पोटात मावेना झाला की अशी उडी मारतात.”

“चार वर्षांत मी पहिल्यांदा बघतेय. आणि मघाशी सोप्यात दगड झाला होता, ते?”

मी पोत्याची शिवण चाचपायला लागलो.

“सांग की. बत्तीस वर्षं पगार खाल्लास न्हवं?”

“भ्याला होता,” मी म्हणालो. “पाच माणसं वाकली होती त्याच्यावर. जागा बदलली की पहिला अर्धा तास जनावर असंच बसतं. आमच्याकडं तर त्या अर्ध्या तासातलं काही वहीत लिहायची बंदी होती.”

“आणि तलाठी दात वाजवत होता तो हंबरडा?”

“राग. त्याच्या पिंजऱ्यात हात घातला म्हणून.”

“म्हणजे तुला समदं येतं,” आक्का म्हणाली. “वाचता येतं, आणि तू उलटं वाचून दाखवलंस.”

“आक्का, तुझ्यासाठीच केलं गं! तुझी जोडी फुटू नये म्हणून—”

तिनं सर्कलला उचलला, उलटा धरला आणि मागच्या बाजूचे केस फुंकर घालून बाजूला केले. खाली कातडीवर चाव्यांच्या खुणा होत्या. जुन्या आणि नव्या, एकीवर एक.

“वरनं दिसत न्हाईत,” ती म्हणाली. “केसाखाली असतात. मी खोबरेल लावते. तू दर दिवाळीला येतोस, बघतोस, आणि म्हणतोस, सर्कल लई गरीब आहे गं. भैरू, पिल्लं दिलीस त्या दिवशी तूच शिकवलंस मला. दात वाजवतो त्याचं भ्या धरू नको, जो गप्प बसतो त्याच्याकडं बघ.”

मग तिनं कनवटीला हात घातला आणि एक घडी केलेली चिठ्ठी माझ्या तळहातावर ठेवली.

ती तांब्यातली दुसरी चिठ्ठी होती, वाढताना तिनं गुपचूप उचललेली. गुरुजी नावं सांगायचे, पण चिठ्ठ्या लिहून, घडी घालून तांब्यात टाकायच्या त्या घरच्या सवाष्णीनं, असा आमच्याकडचा रिवाज. लक्ष्मीचा हात लागावा म्हणून. मी चिठ्ठी उलगडली. आक्काचं चौथी पास अक्षर, मोडकं पण ठसठशीत. ‘रणजित.’

“दोन्ही?” माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

“दोन्ही.”

आयुष्यभर मी थापा मारल्या, पण अशी लबाडी मला जमली नव्हती. आणि त्या बाईनं ती चव्वेचाळीस वर्षांत एकदाच केली होती, आणि मी ती तासाभरात मोडून टाकली होती.

“आक्का, मला सांगायचं तरी...”

“काय सांगू? तुझ्या दाजींनी काय काय केलं ते? आणि तू ते पानपट्टीवर कुणाला तरी सांगणार, आणि ते म्हणणार, भैरूची थाप.” तिनं डावा हात पुढं केला. “हे बोट बघ. गिरणीच्या पट्ट्यात बोट सापडलं तर तुटतं, भैरू. वाकडं होत न्हाई.”

मी गिरणीचा पट्टा बघितला. बघायची गरज नव्हती. चाळीस वर्षं येता-जाता मी तो फिरताना बघत होतो. त्यात सापडलेली बोटं मी तालुक्यात दोन पाहिली होती, म्हणजे ती नसलेली पाहिली होती.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. “अनुसये! मेलीस का कुठं? पान दे पंचांस्नी!”

आक्काचा हात बुट्टीवर होता तसाच राहिला. मान ताठ. डोळे वटारलेले. श्वाससुद्धा दिसेना. बत्तीस वर्षं मी पिंजऱ्यामागून पिंजरे हिंडलो होतो, वहीत ‘भेदरले’ असा शेरा हजार वेळा लिहिला होता. आणि सकाळपासून समोर बसलेल्या सख्ख्या बहिणीला मी ‘दुःख’ असं वाचलं होतं.

मी सोप्यात गेलो. गुरुजी वाटणीपत्रावर सही करायला पेन झटकत होते.

“थांबा गुरुजी. मी मघाशी सांगितलं ते खोटं होतं.”

प्रताप खो खो हसला. गुरुजीही हसले. “भैरू, आता हे खरं मानायचं की मघाचं?”

“खीर चढली मेव्हण्याला,” दाजी म्हणाले.

“खरंच खोटं होतं, गुरुजी! रेल्वे न्हाई, मुंबई न्हाई, घड्याळं न्हाईत!”

“आता तर पक्की खात्री झाली, मघाचं खरं होतं,” प्रताप डोळे पुसत म्हणाला. “मामा स्वतःहून खोटं कबूल करतोय म्हंजे ही थापच.”

हसला नाही तो फक्त रणजित. तो माझ्याकडे बघत उभा होता.

आयुष्यात एकदा खरं बोलायला निघालो, तर जिभेची पत संपलेली. मग मी जीभ बाजूला ठेवली. तलाठ्याचा पिंजरा उचलला. “माझं ऐकू नका. डोळ्यानं बघा. फक्त बोलू नका आणि आत येऊ नका. बाहेर खिडकीशी थांबा.”

गिरणीला अंगणाच्या बाजूनं एक खिडकी होती. दळणाचे डबे आत-बाहेर देण्यासाठी. मी सगळ्यांना तिच्याशी उभं केलं. गुरुजी पुढं, भाचे मागं, दाजी दात खात त्यांच्या मागं. आत आक्का पोत्यांपाशी उभी होती, आणि पायाशी बुट्टी.

सर्कल अजून रंगात होता. लाही फुटत होती. गुरुजींनी चष्मा नाकावर घट्ट केला. “अरे, हा तर नाचतोय,” ते पुटपुटले.

“एकटा आहे म्हणून,” मी म्हणालो. “आता बघा.” आणि आत जाऊन तलाठ्याला पिंजऱ्यातून काढून बुट्टीत सोडला.

तलाठ्यानं आधी नाक वर केलं. मग केस फुलवले आणि मागचं अंग डावीकडं उजवीकडं झुलवत, घशातून गिरणीसारखा घर्र आवाज काढत बुट्टीत फेरी धरली. सावकाश. घाई कसली, बुट्टी त्याचीच. मग थांबला, तोंड उघडून दात दाखवले. बघणाऱ्याला वाटावं जांभई आली.

सर्कल दगड झाला. तोच मघाचा दगड. तेच डोळे, तेच कान. तोंडातली घासाची काडी तोंडातच, अर्धी आत अर्धी बाहेर.

“गुरुजी,” मी विचारलं, “मघाशी हा असा बसला, तवा मी सांगितलं, जोडीदार न्हाई म्हणून बसला. आता जोडीदार आलाय. मग आता का बसला?”

गुरुजी खिडकीत आणखी वाकले.

“बास!” दाजी खिडकीशी घुसले. “घुशीवरनं माणसाची वाटणी करता, भाडखाऊंनो?”

“तासापूर्वी केली तवा तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत, दाजी.”

ते करकर दात खात वळसा घालून दारातून आत आले. माझ्याकडे नाही, आक्काकडे. “काय शिकवलंस तू ह्याला? काय सांगितलंस? आँ?” आणि हात वर गेला. बहुतेक सवयीनं गेला. खिडकीत माणसं उभी आहेत हे त्या हाताच्या ध्यानात राहिलं नाही.

आक्का हलली नाही. हात अंगाशी, मान ताठ, डोळे उघडे. पायाशी सर्कल आणि वर आक्का, एका रेघेत. खिडकीतून दोघं एकदमच दिसत होती.

रणजित आत धावला आणि बापाचा तो हात धरला. प्रतापही धावणार होता. पण तो खिडकीच्या चौकटीला धरून तसाच राहिला. कधी आईकडे, कधी बुट्टीकडे बघत. मला वाटतं, घरात राहिलेला असल्यामुळे त्याला सगळं माहीत होतं. माहीत असणं आणि बघणं यात फरक असतो, तो त्याला त्या वेळी कळला असावा.

गुरुजींनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा लावला. “अनुसयाबाई,” ते म्हणाले, “सकाळपासनं मी अकरा पानं लिहिली. बंबाच्या नळावर एक पान खर्ची घातलं. पण तुम्हाला काय पाहिजे हे ना मी विचारलं, ना तुमच्या भावानं. आता विचारतो. कुणाकडं राहणार?”

“ती काय सांगणार!” दाजी ओरडले. “तिला काय कळतं?”

 आणि एक आवाज आला. कट कट कट.

मी सवयीनं बुट्टीत पाहिलं. तलाठी गप्प होता. आवाज वरून येत होता. आक्काचे दात एकमेकांवर आपटत होते, भीतीनं म्हणावं तर तिची नजर सरळ दाजींच्या डोळ्यांत होती. पदर खांद्यावरून घसरला होता तो तिनं सावरला नाही. दाजींनी हात रणजितच्या हातातून सोडवून घेतला, पण पुन्हा वर नेला नाही. एक पाऊल मागं सरले. गडहिंग्लजात हिंदुराव गुरबे मागं सरलेला मी पाहिलाय असं सांगितलं, तर आजही कुणाला खरं वाटत नाही.

आक्का वाकली, सर्कलला उचलून पदरात घेतलं आणि रणजितला म्हणाली, “तुझ्या टेंपोत बुट्टीला जागा हाय का?”

“हाय, आई.”

“मग चल. ऊन उतरायच्या आत घाट लागू दे.”

प्रताप मात्र शेवटपर्यंत प्रतापच. गुरुजी सोप्यात सही करायला बसले तसा तो म्हणाला, “चिठ्ठी रद्द केली होती न्हवं? मग परत टाका! दुसरी कुठं हाय? तांब्यात दुसरी चिठ्ठी दिसत न्हाई! दाखवा!”

दुसरी चिठ्ठी माझ्या मुठीत होती. समोर पानाचं तबक होतं. मी विड्याला चुना लावला, सुपारी घातली, चिठ्ठी घातली आणि घडी करून तोंडात टाकली. बारीक चावली. पंचानं पुरावा खाल्ल्याचं हे तालुक्यातलं पहिलं उदाहरण असावं. गुरुजींनी ते बघितलं. त्यांनी फक्त पिकदाणी माझ्याकडे सरकवली आणि सही केली.

दाजी आरामखुर्चीत बसून होते. टेंपो सुरू झाला तेव्हा तेवढे ओरडले, “रात्री जेवायचं काय?” टेंपो तोवर वळणावर गेला होता. दाजी आणखी सहा वर्षं जगले, प्रतापच्या घरी, रोज त्याच्याशी भांडत. तलाठी त्यांच्याआधी गेला. त्या पाट्याला वरवंटा पुन्हा मिळाला नाही.

पुढच्या शिमग्याला मी रत्नागिरीला गेलो. रणजित बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला, त्याचं घर मागच्याच गल्लीत. गाडी उशिरा पोचली, दीड वाजून गेला होता. रणजितही अजून कामावरून यायचा होता. आक्का पायरीवर पाय पसरून बसली होती. शेजारी गार फरशीवर सर्कल आडवा, मागचा एक पाय लांब ताणून, डोळे मिटून. गिनिपिग असा निजला की समजावं, त्याला कुणाचं भय उरलेलं नाही.

“आलास? ये,” आक्का म्हणाली. “उन्हाचा आलास, पाणी पी आधी.”

“रणजित येऊ दे, संगटच जेवू सगळी,” मी म्हणालो.

“तुम्ही दोघं जेवा,” पायरीवरून न उठता आक्का म्हणाली. “मी मघाच जेवले.”